पाटलीणबाईंची आंबील

आमच्या घरी पाच कोंबड्या आहेत आणि पाचहीजणी मला नोकर समजतात. नागपूरच्या हनुमाननगरातलं जुनं घर, मागे अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीच्या कडेला खुराडं. चौघी गावरान, पाचवी कडकनाथ. ही मूळची झाबुआकडची जात, चोचीपासून मांसापर्यंत काळी. २०१८ साली कडकनाथला जीआय मानांकन मिळालं. आमच्या घरात सरकारदरबारी नोंद घ्यावी असं तेवढंच एक माणूस. पण सत्ता तिच्याकडे नाही. सत्ता पाटलीणबाईंकडे. त्या आधी जेवतात, बाकीच्या नंतर, आणि मी त्यानंतर.

पाटलीणबाईंची जेवायची पद्धत अशी की आधी ताटात उभं राहायचं, मग दोन्ही पायांनी सगळं मागे उडवायचं आणि मग जे उरेल त्याला नाक मुरडायचं. उडालेलं चिमण्या नेतात. थोडक्यात, मी पोत्याने खाद्य आणून हनुमाननगरातल्या चिमण्या पोसत होतो. हे रडगाणं मी भाच्यापुढे गायलं. भाचा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, "मामा, आंबवून देत जा. ओलं उडवता येत नाही. अन् आंबलं की दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होते, खनिजं अंगी लागते."

कृती ऐकायला सोपी होती. दाणे पाण्यात बुडवायचे, वर दोन बोटं पाणी ठेवायचं, दिवसातून दोनदा हलवायचं. तीन दिवसांत दह्यासारखा आंबूस वास आला की झालं. फक्त नळाचं पाणी नको, कारण त्यात क्लोरीन असतो, तो जंतू मारतो, आणि आपल्याला तर जंतूच पाळायचे आहेत. ते लॅक्टिक आम्ल करणारे, दह्यातल्यांचे भाऊबंद. नळाचं पाणी घ्यायचंच तर रात्रभर उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातो. झालं! मी घरातली सगळी पातेली काढली आणि नळाला येणारं पेंच धरणाचं पाणी भरून ओट्यावर, टेबलावर, टीव्हीच्या बाजूला मांडून ठेवलं. सकाळी आई उठली, पातेल्यांच्या त्या जत्रेतून वाट काढत न्हाणीपर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "अन् मागची इहीर काय पाह्यासाठी आहे?"

इतवारीतून ज्वारी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी आणि तुरीची चुनी आणली. दुकानदाराचा सरकीच्या ढेपेसाठी फार आग्रह होता. "घेऊन जा ना भाऊ, गाई काय दूध देते याच्यावर!" मी कोंबड्यांकडून दुधाची अपेक्षा ठेवलेली नाही असं सांगून सुटलो. नंतर भाच्याने सांगितलं ते बरं झालं. सरकीत गॉसिपॉल असतं, त्याने अंड्यातला बलक हिरवट पडू शकतो. आमच्याकडे हिरव्या बलकाचं आम्लेट कोणी खाल्लं नसतं आणि बिल माझ्या नावावर फाटलं असतं.

आता भांडं. बायकोने कैरीच्या लोणच्यासाठी प्लास्टिकची दहा लिटरची नवी कोरी बरणी आणून ठेवली होती, फिरकीच्या झाकणाची. कैऱ्या यायला चार दिवस होते. मी हिशेब केला, तीन दिवसांत माझं काम होतं, धुऊन जागेवर ठेवतो, कोणाला कळणारही नाही. बरणी गळ्यापर्यंत भरली, विहिरीचं पाणी ओतलं, झाकण गच्च लावलं आणि कूलरच्या हवेत, स्वयंपाकघराच्या दारामागे लपवली.

इथे तीन चुका झाल्या. पहिली, दाणा फुगतो. भांडं अर्धंच भरायचं असतं. दुसरी, आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याला बाहेर पडायला झाकण सैल हवं. तिसरी चूक माझी नाही, पंचांगाची. नवतपा सुरू होता. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की नागपुरात नऊ दिवस रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली बघून बसतं, आणि ती सावलीही तापलेली असते. ज्याने 'तीन दिवस' हे माप काढलं तो नक्की पुण्याचा असणार. आमच्याकडे तीन दिवसांचं काम एका दिवसात होतं आणि दुसऱ्या दिवशी हाताबाहेर जातं.

दुसऱ्या रात्री दोन वाजता ते हाताबाहेर गेलं.

आधी 'बुडुक' असा आवाज आला. मी कूस बदलली. मग कोणीतरी दात आवळून उसासा टाकावा तसा 'फीऽऽस' आवाज आला. आणि मग झाकण सुटलं. ते छताला लागून, भांड्यांच्या मांडणीवर आपटून, स्टीलचे सहा पेले खाली घेऊन आलं. दिवा लावला तेव्हा दारामागून ज्वारीचा फेसाळ लोंढा चालत येत होता, आणि चालत हाच शब्द बरोबर आहे, घाई अशी त्याला नव्हती. बायकोने लोंढ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली की न बोलण्याचा अर्थ लावायला भाचा लागत नाही.

आई मात्र वाकली, बोटावर थोडं घेतलं, नाकाशी नेलं. "हे तं आंबील होय बाप्पा. महालक्ष्म्यायले करतो तशी. शिजवली नाई एवढंच." आणि हळूच पुढे म्हणाली, "महालक्ष्म्या वर्षातून एकडाव येते. ह्या तुह्या बाया रोज जेवतीन."

तेवढ्यात कुंपणावर बॅटरी चमकली. शेजारचे काका. काका चंद्रपूरला नोकरीला होते. २०१५ साली तिथे दारूबंदी झाली, २०२१ साली उठली, आणि ती सगळी वर्षं काकांनी तिथेच काढली. स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण त्या काळात कुठल्या घरात काय आलंय हे त्यांना रस्त्यावरून कळायचं म्हणतात.

"भाऊ," त्यांनी कुंपणापलीकडून दोनदा हवा ओढली, "मोहफुलाचं दिसते."

"नाही जी काका. कोंबड्यांचं खाणं आहे."

"कोंबड्या पेतेत?"

मी समजावून सांगितलं. दही, जंतू, फायटिक आम्ल, भाचा. काका शांतपणे ऐकत होते, जसे लोक पकडलेल्या माणसाचं ऐकतात. मग म्हणाले, "आण इकडे." मी वाटीभर नेलं. त्यांनी डोळे मिटले. "सकाळी चांगलं असंन. दही होतं. दुपारनंतर दारूकडे झुकलं. आता देऊ नको, पडतीन बिचाऱ्या."

दुसऱ्या दिवशी भाच्यानेही तेच सांगितलं. दह्याचा आंबूसपणा चालतो, दारूचा किंवा कुजका वास आला, वर केसाळ बुरशी दिसली, की सरळ फेकायचं. म्हणजे चार वर्षांचं शिक्षण आणि काकांचं नाक एकाच निकालावर आले.

तेव्हापासून आमच्याकडे शास्त्रोक्त कारभार आहे. साधी बादली, अर्धी भरलेली, वर सैल ताटली. जुन्या आंबट पाण्यातलं थोडं नव्यात घालायचं, विरजण लावतात तसं. शिंपल्यांचा चुरा मात्र बादलीत नाही, आंबटात विरघळतो, त्याची वाटी वेगळी. पहिल्या दिवशी पाटलीणबाईंनी ओल्या खाद्यात पाय घातला, उडवून पाहिलं, उडेना. त्या माझ्याकडे इतक्या वेळ बघत राहिल्या की मीच नजर खाली केली. दुसऱ्या दिवशी उपाशी बसल्या. तिसऱ्या दिवशी कडकनाथ एकटी मिटक्या मारताना दिसली, तेव्हा तिला हाकलून त्यांनी चोच घातली. अर्ध्या तासात उरलेलं उचलावं लागतं, नाहीतर माश्या. अंडी वाढली का, असं सगळे विचारतात. या उन्हात कोंबडीला अंडं घालायचंच जिवावर येतं. तीन होती, तीनच आहेत. चिमण्या मात्र नाराज आहेत.

बायकोला नवी बरणी आणून दिली. जुनी मला मिळाली, कायमची.

काका रोज सकाळी सहाला कुंपणाशी येतात. मी ताटली सरकवतो, ते वास घेतात. "आज बरोबर." किंवा, "रात्री अंगणात ठेवली होती काय? अजून चार तास." त्यांच्या शब्दाबाहेर मी जात नाही. मागच्या रविवारी ते लग्नाला चंद्रपूरला गेले आणि नेमका त्याच दिवशी वास मला कळेना. दही म्हणावं तर दही, नाही म्हणावं तर नाही. शेवटी फोन लावला.

"बुडबुडे कसे आहेत? बारीक का मोठे?"

"मधले."

"असं नाई समजत. आवाज ऐकव."

मी बादलीवर वाकलो आणि फोन आत धरला. मांडवात सनई वाजत होती, ती स्पीकरवर अंगणभर ऐकू येत होती. काका तिकडे कोणाला तरी म्हणाले, "गप बसा ना जरा, ऐकू द्या." आम्ही सगळे गप्प बसलो. पाटलीणबाईसुद्धा.