ट्रॉफी ठेवलीय, फक्त चाकं लावून या

राइट बंधूंवर कुठेही पोस्ट पडली की खाली दोन पार्ट्या ठरलेल्या असतात. एक म्हणते त्यांचा प्रतिस्पर्धी विमानवाला ग्लेन कर्टिस चोर होता, राइटांची कल्पना ढापली, दुसरी म्हणते राइट भाऊ खडूस, पेटंट छातीशी धरून बसले आणि बाकीच्यांना उडू दिलं नाही. मला दोन्ही पटत नाही आणि त्याला कारण आहेत 1908 च्या उन्हाळ्यातली तीन-चार पत्रं. विषय सायंटिफिक अमेरिकन ट्रॉफीचा.

थोडं मागे जायला लागेल. जानेवारी 1906 मध्ये याच सायंटिफिक अमेरिकन मासिकाने राइट भावांच्या उड्डाणांना जवळपास भाकडकथाच ठरवलं होतं. मुद्दा असा की एवढी मोठी गोष्ट खरंच घडत असती तर अमेरिकेतले वार्ताहर, जे दार लावून घेतलं तरी धुराड्यातून आत शिरतात, ते गप्प बसले असते का? तोवर 5 ऑक्टोबर 1905 ला थोरला भाऊ विल्बर त्यांच्या डेटन गावाजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणावर 39 मिनिटं, 24 मैल उडून झाला होता! मग मासिकाने एक बरं केलं, उड्डाण पाहिल्याचं सांगणाऱ्या 17 जणांना थेट पत्रं लिहून प्रश्न विचारले, 11 जणांनी उत्तरं दिली आणि एप्रिलमध्ये मासिकाने आपला सूर बदलला. (कमेंटमध्ये कोणीतरी राइटांच्या आधी मुंबईत विमान उडवल्याचं सांगितलं जातं ते तळपदे आणणारच, जरूर आणा, फक्त साक्षीदारांची अशी पत्रं असतील तर तीही सोबत टाका.)

पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, त्याच मासिकाने अडीच हजार डॉलरची चांदीची ट्रॉफी जाहीर केली. पहिली अट सरळ रेषेत एक किलोमीटर उडायची. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी 39 किलोमीटर कापलंय त्यांना हे म्हणजे काहीच नाही. पण दुसरी अट अशी की विमानाने सपाट जमिनीवरून स्वतःच्या जोरावर उठायचं, आणि गंमत सगळी इथेच आहे, कारण राइटांच्या विमानाला चाकंच नव्हती. ते लाकडी रुळावरून घसरत सुटायचं आणि 1904 पासून तर मनोऱ्यावरून जड वजन खाली सोडून त्याला पुढे खेचायचे.

जून 1908 मध्ये कर्टिसच्या ग्रुपने, म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या एरियल एक्सपेरिमेंट असोसिएशनने, कळवलं की आमचं 'जून बग' विमान तयार आहे, 4 जुलैला या. हे कळल्यावर मासिकाचे प्रकाशक चार्ल्स मन यांनी आधी ऑर्व्हिलला पत्र टाकलं, की पहिला मान तुमचा, तुम्ही येत असाल तर कर्टिसला थांबवून ठेवतो. म्हणजे बघा, आधी लग्नात चारचौघांत अपमान करायचा आणि मग पहिल्या पंगतीत पान मांडून वाट बघायची.

30 जूनला ऑर्व्हिलचं उत्तर गेलं. नम्र आहे, शिव्याबिव्या काही नाहीत. सार असं की आमची मशीन्स रुळावरून सुटण्यासाठी बनवलीत, चाकं लावणं अवघड नाही, पण आत्ता वेळ नाही. आणि वर स्वतःचं मतही दिलंय, की पुढची विमानंही रुळांवरून किंवा खास यंत्रणेच्या मदतीनेच सुटतील. जगात सगळ्यात जास्त उडालेल्या दोन माणसांपैकी एक हे लिहितोय!

आता माझं म्हणणं. हा माज नव्हता. फेब्रुवारीत लष्कराशी 25 हजार डॉलरचा करार झाला होता, फोर्ट मायर या लष्करी तळावरच्या चाचण्या तोंडावर होत्या, डेटनमध्ये ऑर्व्हिल एकटा. विल्बर फ्रान्समध्ये, तिथे खोकी उघडल्यावर सामान मोडकंतोडकं निघालं म्हणून धाकट्या भावावर भडकून पत्र लिहिलेलं, खरं तर नुकसान कस्टमवाल्यांनी केलं होतं. अशात ट्रॉफीसाठी कोण चाकं लावत बसेल? पण माज नसला तरी चूक होतीच असं मला वाटतं. 1905 नंतर अडीच वर्षं हे दोघं उडालेच नव्हते, फोटो नीट दाखवलेले नाहीत, करार झाल्याशिवाय मशीन दाखवणार नाही हा हट्ट. त्याचंच हे पुढचं पाऊल.

4 जुलैला हॅमंड्सपोर्टला, म्हणजे कर्टिसच्या गावी, पावसामुळे दिवसभर खोळंबा, पहिला प्रयत्न अपुरा, आणि संध्याकाळी कर्टिस लोकांसमोर पाच हजार फुटांहून जास्त अंतर उडाला, पावणेदोन मिनिटांच्या आत. बक्षीस त्याचं, आणि माझ्या मते शंभर टक्के त्याचं, अट पाळून जो हजर राहिला त्यालाच मिळणार ना. त्याच दिवशी फ्रान्सच्या ल मांमध्ये विल्बरच्या इंजिनाची नळी निसटून उकळतं पाणी त्याच्या अंगावर उडालं, हात चांगलाच भाजला. नशीब पण काय एकेक असतं.

ट्रॉफी गेल्याचं ऑर्व्हिलला फार वाटलेलं दिसत नाही. त्याला झोंबलं ते वेगळंच. 20 जुलैला त्याने कर्टिसला लिहिलं की तुमच्या जून बगला पंखांच्या टोकांना हलणारे भाग आहेत, तोल सांभाळायला, ते आमच्या पेटंटमध्ये येतं. जानेवारीत तुमच्या लेफ्टनंट सेल्फ्रिजने विचारलं म्हणून आम्ही माहिती दिली, त्याचा अर्थ जाहीर प्रयोगांना किंवा धंद्याला परवानगी दिली असा नाही. कर्टिसचं उत्तर गुळमुळीत, की पेपरात येतंय तसा माझा इरादा नाही आणि पेटंटचं प्रकरण असोसिएशनच्या सेक्रेटरीकडे दिलंय. सेक्रेटरी कोण, तर हाच सेल्फ्रिज. दोन महिन्यांच्या आत, 17 सप्टेंबरला, तो फोर्ट मायरला ऑर्व्हिलच्याच विमानात बसून गेला आणि अपघातात मेला, विमान अपघातातला पहिला बळी. ऑर्व्हिल मोडलेला पाय आणि बरगड्या घेऊन कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये.

म्हणून चोर-बिर म्हणणाऱ्यांना सांगतो, जानेवारीचं पत्र वाचा, राइटांनी स्वतःहून पेटंट नंबर दिलाय, लपवाछपवी नव्हती. आणि खडूस म्हणणाऱ्यांनी जुलैचं वाचा, त्यात पैसे मागण्याआधी लायसन्सबद्दल बोलायची तयारी आहे. 1909 च्या ऑगस्टमध्ये राइटांनी कर्टिसवर पेटंटची केस टाकली ती यानंतर. कोर्टाने 1914 मध्ये राइटांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा विल्बर जाऊन दीड वर्ष झालं होतं.

राइटांचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन टाकलेत, फुकट आहेत. वाचताना तारखा शेजारी शेजारी लावा, मजा येते. उदाहरणार्थ 1910: कर्टिस ऑल्बनीहून न्यूयॉर्कला उडून तिसऱ्यांदा जिंकला आणि ट्रॉफी कायमची घेऊन गेला, आणि त्याच वर्षी राइटांचं मॉडेल बी बाहेर आलं, चाकं लावलेलं.