‘पुरुषांना रंग नकोच असतात’ म्हणे!

दसरा-दिवाळीची खरेदी सुरू झाली की घरच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच. पुरुषाचं कसं सोपं: दोन पांढरे, दोन निळे, एक चौकडा, खाली काळी पँट, संपलं. त्याला रंग कळत नाहीत, आवडत नाहीत, पूर्वीही कधी आवडले नाहीत. रंग हा बायकांचा प्रांत, म्हणून दुकानात त्याच्यासाठी एक भिंत आणि तिच्यासाठी तीन मजले. रंगीत घालून ऑफिसात गेला तर त्याला कोणी मोजत नाही. आणि निवडीच्या कटकटीतून सुटला, हेच त्याचं भाग्य. शेवटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे दोन चेहरे.

हसून सोडून देता आलं असतं. पण गंमत बाजूला काढली की खाली पाच-सहा विधानं उरतात आणि लोक ती खरी धरून चालतात. माझ्या सगळ्या सुट्ट्या मामांच्या कापड दुकानात गेल्या. तालुक्याचं गाव, खाली साड्या, वर शर्टिंग-सूटिंग. त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

‘पुरुषांना रंग कळतच नाहीत.’

लाल-हिरव्यात गल्लत होण्याचा दोष पुरुषांत जास्त, हे खरं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के आढळतो, बायकांत अर्धा टक्का. पण उरलेल्या ९२ जणांनी काय घोडं मारलंय? साडीच्या दुकानात गादीवर बसून ‘ताई, हा अबोली नाही, शेंदरीकडे झुकतोय, दारात उजेडात बघा’ असं सांगणारा कोण असतो? येवल्याला मागावर पदरातले मोर विणणाऱ्या हातांत पुरुषांचे हात काही कमी नाहीत. ही माणसं दिवसभर बायकांचे रंग ठरवतात आणि संध्याकाळी करडा शर्ट घालून घरी जातात. नजरेत खोट नाही. मुद्दा संपला.

‘पूर्वीपासून असंच आहे.’

असं म्हणणाऱ्यांनी पणजोबांचे फोटो बघितलेले असतात, आणि फोटो काळे-पांढरे असतात. टिळकांची पगडी लाल होती हे सांगितलं की पटतं, तरी मनातलं जुनं पुणं काही केल्या करडंच राहतं. आणखी मागे जाऊ. माधवराव पेशव्यांच्या पत्रांत पैठणहून आसावली, म्हणजे वेलबुट्टीचे, दुपट्टे मागवल्याचा उल्लेख येतो, आणि रंगही सांगितलेले आहेत: लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. ही यादी आज एखाद्या शर्टाच्या दुकानात वाचून दाखवा. सेल्समन तुम्हाला लेडीज सेक्शन कुठे आहे ते सांगेल.

पूजेच्या सोवळ्यातला कद डाळिंबी नाहीतर जांभळा, पीतांबर पिवळाधमक. धनगराचं मुंडासं लाल. शेजारच्या राजस्थानात पुरुषाच्या डोक्यावरचा रंग ऋतूप्रमाणे बदलायचा. पावसाळ्यात लहरिया आणि फाल्गुनात फागणिया बांधायची रीत अजून पुरती गेलेली नाही.

एक मात्र मान्य. देशावरचा साधा माणूस अंगात पांढरंच घालायचा. धोतर, बंडी, फार तर बाराबंदी. ऊन, रोजचं धुणं आणि खिसा ही त्याची कारणं. पक्का रंग फुकट मिळत नव्हता. पण रंग नव्हता असं नाही. तो डोक्यावर आणि खांद्यावर होता. पुढे पागोटं गेलं, पांढरी टोपी आली, मग टोपीही गेली. उपरणं लग्नाच्या आहेरापुरतं उरलं. अंगावर रंगाची जी जागा होती तीच गेली, आणि उरलेल्या जागेवर तो पुन्हा आणावा असं कोणाला वाटलं नाही. जामा, अंगरखा, चोळणा, शेला ही सगळी मंडळीही त्याच वाटेने गेली. आज शर्ट, टी-शर्ट, पँट आणि सणाला कुर्ता. इतक्यात पुरुषाचं कपाट आटोपतं.

आता हे शर्ट-पँट-कोट जिथून आले तिथली गोष्ट. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ मधलं प्रसिद्ध चित्र आहे. निळ्या मखमलीवर सोनेरी फुलांचा झगा, पायात लाल टाचांचे बूट, आणि पाय दिसावेत अशा बेताने झगा मागे सारलेला. त्या काळच्या युरोपातला हा सर्वांत दबदब्याचा राजा. मग मे १७८९ मध्ये व्हर्सायला देशभरच्या प्रतिनिधींची सभा भरली. उमरावांना जरी आणि टोपीत पिसं, सामान्यांच्या प्रतिनिधींना मात्र साध्या काळ्या कपड्यांचा दंडक. हेतू त्यांना त्यांची पायरी दाखवण्याचा. क्रांती झाली आणि पारडं फिरलं. जरी घालून रस्त्यावर येणं अंगाशी येऊ लागलं, काळा कोट म्हणजे प्रामाणिक नागरिक ठरला. त्याच सुमारास लंडनमध्ये ब्रमेल नावाच्या छानछोकी माणसाने गडद कोट, बेताची, नेटकी शिलाई आणि कडक पांढरा गळपट्टा एवढ्यावर भल्याभल्यांना आपल्या मागे लावलं. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या सगळ्या बदलाला पुरुषांचा महात्याग म्हटलं. म्हणजे ही जेमतेम सव्वादोनशे वर्षांची सवय आहे, आणि तीही एका राजकीय उलथापालथीतून लागलेली. निसर्गाला यात ओढायचं कारण नाही.

‘रंगीत म्हणजे बायकी.’

इंग्रजांचं सैन्य १६४५ पासून जवळपास अडीचशे वर्षं तांबड्या डगल्यात लढलं. त्या डगल्यातली शेवटची लढाई १८८५ ची, सुदानमधली. फ्रेंच पायदळ ऑगस्ट १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरलं ते लाल पँटी घालून. या माणसांना बायकी म्हणायची छाती कोणाची होती? रंग गेला तो लांबून नेम धरता येतो म्हणून. खाकीचा जन्म १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीत झाला, तो मातीत मिसळून जाण्यासाठी. लपण्यासाठी निवडलेला रंग पुढे मर्दानी ठरला, ही यातली खरी गंमत.

गुलाबीचं तर विचारूच नका. अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने जून १९१८ मध्ये सल्ला दिला होता की गुलाबी मुलग्यांना, कारण तो ठसठशीत. निळा मुलींना, कारण तो नाजूक. आणि क्रिकेटवाल्यांनी १९७९ आठवावं. केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीने भरवलेल्या सामन्यांत रंगीत कपडे आले तेव्हा वेस्ट इंडीजच्या वाट्याला गुलाबी आला. ते गुलाबी कपडे घालून धावत येणाऱ्या गोलंदाजांना समोरून कोणी हसल्याचं ऐकिवात नाही.

‘मागणी नाही म्हणून माल नाही.’

सगळ्यांत वजनदार मुद्दा हा, कारण तो दुकानदारही मांडतो. मामाही मांडतात. गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते ते सांगतो.

नवरा-बायको वर येतात. मामा तागे उलगडतात. नवऱ्याचा हात हळदी रंगाच्या एका कापडावर जातो, तो ते अंगठ्या-बोटात चोळून बघतो, पोत आवडलेला दिसतो. बायको म्हणते, ‘घ्या की अहो, छान दिसेल.’ तो हात काढून घेतो. ‘अगं, लोक म्हणतील नवरदेव निघाला. शेठ, मळखाऊ काहीतरी दाखवा, रोजच्याला निघेल असं.’ मामा राखाडी टाकतात. पाच मिनिटांत बिल. हळदी तागा पुन्हा फळीवर. पुढच्या हंगामात मामा कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला, कापडाच्या घाऊक बाजारात, माल भरायला जातात तेव्हा हळदी नको म्हणतात, कारण तो ‘चालत नाही’. त्या माणसाला तो आवडला होता याची नोंद कुठल्या वहीत होणार?

यात मामांची चूक नाही. साडीला माप नसतं, हे लक्षात घ्या. चाळीस रंग ठेवायचे तर चाळीस साड्या आणल्या की झालं. जी घेईल तिला ती बसते. रेडिमेड शर्टाच्या चाळीस रंगांना पाच मापं धरली तर दोनशे नग, हाफ आणि फुल बाह्या धरल्या तर चारशे. त्यातला पोपटी ४६ नंबर पडून राहिला तर तो दिवाळीनंतरच्या सेलमध्येही हलत नाही. पैसा अडकतो, फळी अडकते. म्हणून होलसेलवालाही चार ‘चालू’ रंगांचेच सेट पुढे करतो. कपडा शिवून घ्यायचे दिवस होते तेव्हा शर्टिंगलाही माप नव्हतं, तागा कोणालाही कापून देता यायचा. सत्तरच्या दशकातल्या लग्नाच्या अल्बमातले मोठ्या कॉलरचे, फुलाफुलांचे शर्ट आठवा. माझा तर्क असा की रेडिमेड वाढलं तसे पुरुषांचे रंग आटले. सगळं कारण हेच नसेल. कुर्तीलाही मापं असतात आणि तिथे हाच धोका व्यापारी बिनदिक्कत पत्करतो, कारण बाईने रंग मागायचा ही रीतच आहे. पुरुषाने मागायची रीत मोडली, एवढंच.

आणि मागणी खरंच नाही? आयपीएल सुरू होऊ द्या. जो गृहस्थ पिवळ्या शर्टाकडे बघून ‘भडक आहे’ म्हणाला, तोच चेन्नईची पिवळीजर्द जर्सी घालून चौकात उभा असतो. राजस्थानचा संघ तर २०१९ पासून गुलाबी जर्सीत खेळतो. गुढीपाडव्याला गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रांत भगवे, गुलाबी, मोरपंखी फेटे बांधून घ्यायला पुरुषांच्या रांगा लागतात. लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्रांनी सगळ्यांनी मिळून वांगी रंगाचे कुर्ते घ्यायचे ठरवलं की एकही जण नाही म्हणत नाही. चारचौघांनी सोबत घातलं की चालतं. एकट्याने घालायचं म्हटलं की घाम फुटतो. हा आवडीचा प्रश्न नाही, धास्तीचा आहे.

‘रंगीत घातलं की कोणी मोजत नाही.’

थोडं खरं आहे. मुलाखतीला पोपटी शर्ट घालून जा असं मी भाच्याला सांगणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी पोराने कपड्यावरून झुंज घ्यावी असंही नाही. पण हा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. राजकारण बाजूला ठेवून बघा: २०१४ पासून दर १५ ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून बोलतात ते रंगीबेरंगी फेटा बांधून, आणि त्यामुळे भाषण हलकंफुलकं झालं असं विरोधकही म्हणत नाहीत. त्यांची रंगीत जाकिटं तर दुकानादुकानात टांगली गेली आणि कालपर्यंत बदामीच्या पुढे न सरकणारे काका फिरोजी जाकीट घालून मुंजीला येऊ लागले. वरच्याने घातलं की खालच्याला मुभा मिळते. मुद्दा हुद्द्याचा आहे.

‘निवडीची कटकट नाही, हेच भाग्य.’

ज्याला खरंच कटकट वाटते त्याने चारही शर्ट पांढरे घ्यावेत, त्याच्याशी भांडण नाही. पांढरा शर्ट आणि कडक इस्त्री याच्या तोडीचं उन्हाळ्यात दुसरं काही नाही, हे माझंही मत. पण भाग्य म्हणायचं तर आधी समोर पर्याय पाहिजेत ना? फळीवर नेव्ही, करडा, काळा, आणि फारच धाडस केलं तर मरून. यातून एक उचलला याला साधी राहणी कसं म्हणणार?

ज्यांना यापलीकडचं काही हवंय त्यांच्यासाठी जुना रस्ता अजून उघडा आहे. शर्टिंगच्या फळीवर, वरच्या कप्प्यात, न चाललेले तागे असतात. दुकानदार ते आनंदाने आणि बऱ्याचदा भाव पाडून देतो. मोठ्या पन्ह्याचं असेल तर १.६० मीटरमध्ये फुल बाह्यांचा शर्ट बसतो. टेलरला रंगाशी काही देणंघेणं नसतं. तो माप घेतो, खिसा एक की दोन विचारतो आणि तारीख देतो. तारखेवर विश्वास ठेवू नका, दिवाळीच्या आधी किमान तीन आठवडे कापड टाका.