मामा, दहा टक्क्यांचं गणित एकदा करून बघा

मामांनी घरच्या ग्रुपवर 'देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचलीय' असा एक मेसेज टाकला. तीन दिवसांनी माझ्या धाकट्या भावाचा फोन लागला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे तर लाईट आलीय म्हणे, मग फोन बंद कशाला ठेवतोस?" भाऊ नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगाव तालुक्यात एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आईलाच तो खोटं बोलतोय असं वाटायला लागलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

मेसेज थोडक्यात असा: २८ एप्रिल २०१८ ला देशातलं शेवटचं गाव उजळलं, आता अंधाराची रड म्हणजे ढोंग. डोंगरातल्यांना बिल भरायचं नसतं. चाळीस घरांसाठी खांब कशाला, एकेक सोलर दिवा द्या. जंगलातून तार नेता येत नाही, तेव्हा त्यांनाच खाली आणून वसवा.

तारीख खरी आहे. त्या दिवशी मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातल्या लेइसांगला वीज पोचली. पण 'विद्युतीकरण झालेलं गाव' कशाला म्हणायचं, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २००४ सालीच ठरवून ठेवलंय. वस्तीत डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि तारा हव्यात, दलित वस्ती असेल तर तिथेही. शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी. आणि घरं किती? किमान १० टक्के! सातपुड्यात एका महसुली गावाचे सात-आठ पाडे असतात, एक नाल्याच्या अल्याड तर दुसरा टेकडीच्या पल्याड. २०० घरांच्या गावात रस्त्याकडेच्या पाड्याची २० घरं लागली, की बाकीची १८० घरं चिमणीवर असूनही गाव हिशेबात उजळतं. मामा, आपल्या सोसायटीच्या दहातल्या एकाच फ्लॅटला लाईट असती, तर तुम्ही पेढे वाटले असते का? सरकारलाही हे ठाऊक होतं. म्हणून तर ते शेवटचं गाव उजळायच्या सातच महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, घरोघरी जोडणी द्यायला सौभाग्य योजना आणली होती.

बिलाचं काय सांगू? चोरून वीज घ्यायला आकडे टाकायचे, तरी आधी डोक्यावर तार लागते. तिथली माणसं आजही विजेचे पैसे मोजतात, फक्त बिल येत नाही. बाजाराच्या दिवशी एक पोरगा पाड्यावरचे सगळे फोन पिशवीत घालून खाली नेतो, दुकानदार फोनमागे १० रुपये घेतो. ओळखू यावेत म्हणून प्रत्येक फोनला वेगळ्या रंगाचा दोरा. भावाचा लाल.

आता सोलर. इथे मेसेजवाल्याचं अर्धं मला मान्य करावं लागतंय: डोंगरात दूरवर विखुरलेल्या घरांना तार महागच पडते. सौभाग्यमध्येसुद्धा अशा घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षं देखभाल असंच धरलं होतं. पण प्रश्न दिव्याने संपत नाही. पाच एचपीची पिठाची चक्की जवळपास ३,७०० वॅट खाते. तुमच्या सोलर दिव्यावर ती काय कपाळ फिरणार? बायका डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरतात ते उतरतातच. म्हणून खांब की पॅनेल हे ठरवायच्या आधी पाड्यावर बसून विचारावं लागतं: चक्की हवी का, पाण्याची मोटर हवी का, लसीचा फ्रीज कुठे ठेवणार? त्यावर किती किलोवॅट ते ठरतं. आणि बॅटरी बसवली की तिची राखण कोण करणार तेही. भावाच्या शाळेतली बॅटरी दोन पावसाळ्यांत बंद पडली. वर्षभर कुणी फिरकलं नाही, आता तिच्यावर पाण्याचा माठ ठेवलाय.

जंगल कायद्याचा मुद्दा तर वाचूच नये असा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वीजवाहिनीचं नाव घेऊन लिहिलंय: ग्रामसभेची शिफारस असेल तर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेला सात मीटरचा पट्टा धरला, तर एवढ्यात जवळजवळ १,४०० मीटर तार जाते. अंतर त्याहून जास्त असेल तर मोठी परवानगी लागते, वेळही लागतो, कबूल. पण त्यावरून माणसांनाच उचलून खाली आणा म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या घराचा फ्यूज आठवडाभर काढून ठेवावा.

मामा, हे ग्रुपवरच टाकतोय. भावाला मात्र पुढच्या बाजारानंतरच दिसेल.