घेराचे पाय

मी आठवीला गणित शिकवते. त्यामुळे भाचीच्या स्नेहसंमेलनाचा गोल घेराचा स्कर्ट ताईने माझ्या गळ्यात मारला, तेव्हा मी उलट खूशच झाले. कमर 22 इंच, म्हणजे त्रिज्या बरोब्बर साडेतीन! पुस्तकातलं उदाहरणच की. उंची 24, खालचा घेर जवळजवळ 173 इंच. दादरच्या हिंदमाता बाजारातून तीन मीटर सॅटिन आणलं, दोन अर्धवर्तुळं कापली, जोडली. मग खालची पट्टी एक इंच दुमडून टीप मारायला बसले.

पहिली वीतभर बरं चाललं. मग मशीनच्या पायापुढे कापडाची लाट जमायला लागली. रेटली तर चुणी, ओढली तर पीळ. अर्धा घेर होईतो काठाला कुरडई झाली होती. उसवलं. सॅटिन मोठं मानी कापड. उसवलं तरी सुईची भोकं जपून ठेवतं.

सकाळी ते बोचकं घेऊन मुलुंडला स्लो लोकल पकडली. चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धी मी आणि अर्धी हवा. तशीच हातशिलाई सुरू केली. समोर मेथी निवडणाऱ्या काकूंनी भांडुपपर्यंत दम धरला.

"पट्टी केवढी घेतलीस?"

"एक इंच."

"गोल घेराला? साडीचा फॉल आहे का तो? पाव घे, पाव! काठाला धावदोरा घाल, हलका ओढ, चुण्या इस्त्रीनं बसव, मग दुमड."

पलीकडची म्हणाली, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टीच लावा, ती वळते. यावर विक्रोळीपर्यंत दोघींची जुंपली. माझा स्कर्ट या मांडीवरून त्या मांडीवर. तेवढ्यात दारातून तिसरी ओरडली, "आधी रात्रभर टांगला होतात का? उरेब उतरतं!"

नव्हता टांगला.

कुर्ल्याला मी चाचणीच्या पेपरामागे वर्तुळ काढलं. पट्टी एक इंच दुमडली की काठ दोन इंच आत सरकतो. म्हणजे बाहेरचा परीघ दोन इंचांनी लहान त्रिज्येच्या वर्तुळात कोंबायचा. जादा कापड साडेबारा इंच! आणि गंमत म्हणजे त्रिज्या उत्तरातून उडूनच जाते. घेर बाहुलीच्या झग्याचा असो की फ्लोरा फाउंटनएवढा, साडेबारा ते साडेबाराच. पाव इंच दुमडलं तर किती? मांडून बघितलं आणि हसूच आलं. 3.14. फळ्यावर वीस वर्षं पोरांना ज्याच्यावरून झापलं, तो पाय माझ्या पट्टीत येऊन बसला होता.

रात्री स्कर्ट खिडकीच्या गजाला टांगला. सकाळी चार ठिकाणी जीभ काढल्यासारखा लोंबत होता. जिथे जिथे उरेब, तिथे तिथे. भाचीला स्टुलावर उभं केलं, जमिनीपासून फूटपट्टी लावून खडूच्या खुणा केल्या, जादाचं कापलं. (ती स्थिर उभी राहिली असती तर हे वाक्य एवढ्यात संपलं नसतं, दोन तास लागले.) मग धावदोरा, इस्त्री, पाव इंच. मध्यरात्री संपलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच डबा. काकूंनी मेथीचे हात पदराला पुसले, काठावरून अंगठा फिरवत गेल्या. फिरवत गेल्या, फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"इथं डुलकी लागली होती ना?"

लागली होती.