जमिनीतला आवाज आणि औंढ्याचं लिगो

मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मोबाईलवरून एक आवाज ऐकवला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवला. आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच. घुं करत चढतो आणि 'टुप्' होऊन संपतो. पोरांनी सात-आठ वेळा लावायला लावला. मग मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्या जमिनीतला आवाज याच्यापेक्षा लई मोठा राहतो की."

मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. वसमत-औंढ्याकडच्या माणसाला 'जमिनीतला आवाज' समजावून सांगावा लागत नाही. इथं अधूनमधून जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो. पांगरा शिंदे गावाचं नाव पेपरात त्यासाठीच येतं, 'गूढ आवाज' हा मथळा ठरलेला. 10 जुलै 2024ला सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा पत्रे वाजले आणि आम्ही सगळे अंगणात. माझ्या आईला 1993चं किल्लारी आठवतं. ती दुपारपर्यंत घरात गेली नाही.

मुलांनी ऐकलेला आवाज मात्र 130 कोटी प्रकाशवर्षांवरचा. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली, त्यातून उठलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लाट, 14 सप्टेंबर 2015ला अमेरिकेतल्या लिगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळांनी टिपली; त्या नोंदीचाच हा केलेला आवाज. तसलीच वेधशाळा आता औंढा नागनाथजवळ होणार आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आतली हवा काढून घेतलेली. लेसर जाणार, टोकाच्या टांगलेल्या आरशावरून परत येणार. लहर आली की एक बाजू किंचित ताणते, दुसरी आखडते. मोजायचा फरक प्रोटॉनपेक्षाही शेकडो पट लहान!

आणि आपल्याकडं चर्चा काय? रोडलगतच्या जमिनीला भाव किती आला आणि पोराला गेटवर ड्युटी मिळंल का. या प्रश्नांना मी नावं ठेवत नाही. सोयाबीन काय भावानं गेलं हे पाहिलेल्या घरात आधी हेच सुचणार. पण गेटच्या आत, त्या मशीनपुढं कोण बसणार, हे कुणीच विचारत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याचं एक कारण मला गोष्टींमध्ये दिसतं. जयंत नारळीकर सरांनी 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली, ती 'कृष्णविवर'. 41 वर्षांनी कृष्णविवरांची टक्कर यंत्रानं ऐकली. सरांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आज लिगो-इंडियाच्या कामात आहे. एका मराठी कथेपासून आमच्या औंढ्यापर्यंत अशी सरळ वाट आहे! मे 2025मध्ये सर गेले तेव्हा शाळेला सुट्टी होती. जूनमध्ये पहिल्याच तासाला मी पोरांना हे सांगितलं.

पण मी वाचलेल्या बहुतेक विज्ञानकथांतला शास्त्रज्ञ पुण्या-मुंबईचा, नाहीतर अमेरिकेतला. मराठवाडा आलाच तर दुष्काळ म्हणून. 2016ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं. विमानानं ढगांत फवारणी करून पाऊस पाडायचे प्रयोग आमच्याच डोक्यावर झाले. आता पिकावर ड्रोन फिरतोय. विज्ञान इथपर्यंत आलं, गोष्टीत आमचं पोर काही आलं नाही. गोष्टीतसुद्धा ज्यानं स्वतःला त्या खुर्चीत पाहिलं नाही, त्यानं अकरावीला फिजिक्स कुणाच्या भरवशावर घ्यायचं?

म्हणून यंदा 'मी शास्त्रज्ञ झालो तर' हा निबंध मी सोडून दिला. फळ्यावर एवढंच लिहिलं: साल 2045, जागा औंढा. घरी बोलता तसं लिहा म्हणालो.

त्या मुलीनं दीड पान लिहिलंय. रात्रपाळी आहे. कंट्रोल रूममध्ये ती आणि नांदेडच्या एक मॅडम. पडद्यावरची रेषा हलते, मॅडम म्हणतात, लहर आली. तेवढ्यात हिचा फोन वाजतो. गावाकडून आजी: "माय, आवाज झाला गं, पत्रे वाजले." ही शेजारच्या भूकंपमापकाकडं बघते आणि सांगते, "आज्जे, घरात जाऊ नको, अंगणात बस. मला इथं दिसायलंय."

पुढं काय झालं, विचारलं. म्हणाली, "सर, वही भरली. सोमवारी नवी आणते."