आधी ऊन अडवा, मग काच निवडा

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जाहीर केलं की एसीचं तापमान २० अंशांच्या खाली नेता येणार नाही असा नियम आणायचा विचार आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. बिल आम्ही भरतो तर सरकारला काय करायचंय, असं एका बाजूचं म्हणणं. विजेची मागणी दर उन्हाळ्यात वाढतेय, कुणीतरी लगाम घालायलाच हवा, असं दुसऱ्या बाजूचं.

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो आणि जवळपास हाच वाद मी २०२३ मध्ये इथे ऐकला होता. फक्त यंत्र उलटं होतं. नव्याने बसणाऱ्या हीटिंगमध्ये टप्प्याटप्प्याने किमान ६५ टक्के ऊर्जा नवीकरणीय स्रोतांची असावी, असा कायदा तेव्हाचे आर्थिक व्यवहार आणि हवामान संरक्षण मंत्री रॉबर्ट हाबेक यांनी पुढे रेटला, आणि सरकार आता आमच्या तळघरात घुसतंय अशी ओरड देशभर सुरू झाली. १ जानेवारी २०२४ पासून कायदा लागू झाला. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने तो रद्द करण्याचं आश्वासन आपल्या करारातच लिहून टाकलं.

दोन्ही वाद मी मनापासून वाचले, आणि दोन्हीकडे एकच गोष्ट खटकली. भांडण यंत्रावर आहे. ज्या घरात ते यंत्र बसवायचं, त्या घराच्या भिंती, गच्ची, खिडक्या यांवर कुणी बोलत नाही. एसी १८ वर ठेवावा लागतो, कारण खोली तापलेली असते. ती का तापते, हा प्रश्न आधी यायला हवा. आज पुण्यामुंबईत जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. आता जी खिडकी बसेल ती पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच असणार. म्हणून हे आत्ता लिहितोय.

माझ्या मावसभावाची पुण्यातली सोसायटी याच टप्प्यावर आहे. कराराचा मसुदा त्याने मला पाठवला. ज्यादा कार्पेट किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी किती, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग कुणाला, यावर पानंच्या पानं आहेत. खिडक्यांसाठी सुविधांच्या यादीत एक ओळ: ‘पावडर कोटेड अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग विंडो, मच्छरजाळीसह’. दिशा कोणती, वर छज्जा आहे की नाही, काच कसली, काहीच नाही. काही सभासदांचा आग्रह आहे की त्याऐवजी दुहेरी काचेच्या ‘जर्मन’ यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, खिडक्या घ्याव्यात, फरकाचे पैसे आपण भरू. दादाने मला विचारलं, तू तिथे राहतोस, तुझं मत काय?

माझं मत त्याला अनपेक्षित वाटलं. मी म्हटलं, ते पैसे काचेवर घालू नकोस.

इथली खिडकी कशासाठी बनली आहे ते आधी सांगतो. जर्मन घरात जी ऊर्जा लागते तिच्यातली दोन तृतीयांशाहून जास्त खोल्या उबदार ठेवण्यात जाते. बाहेर शून्य, आत वीस, आणि हे महिनोन्‌महिने. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर, १९७७ मध्ये, इथे इमारतींसाठी उष्णतारक्षणाचा पहिला नियम आला. १९९१ मध्ये डार्मस्टाट शहरात पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं. घर गरम करायला वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये, हा त्या घरांचा दंडक. आज सरकारी अनुदान हवं असेल तर नव्या खिडकीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता निसटते तो आकडा, ०.९५ च्या वर चालत नाही. साध्या एकेरी काचेचा हाच आकडा पावणेसहाच्या आसपास असतो.

आमच्या इमारतीच्या खिडक्या बदलल्या तेव्हा कारागीर कसे काम करतात ते मी जवळून पाहिलं. खिडकी इथे फ्लॅटमालकाची नसते, सगळ्या इमारतीची सामाईक मालमत्ता असते, त्यामुळे निर्णय मालकांच्या सभेत झाला. ती सभा आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखीच लांबली. कारागिरांनी जुनी चौकट कापून काढली, नवी बसवली, फटीत फोम भरला आणि मग आतून एक पट्टी, बाहेरून वेगळी पट्टी चिकटवली. आतली पट्टी जास्त हवाबंद, बाहेरची थोडी श्वास घेणारी, म्हणजे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते. शेवटी मुख्य कारागिराने लायटर पेटवून काचेसमोर धरला. तीन काचांच्या सहा पृष्ठभागांवर ज्योतीची सहा प्रतिबिंबं उमटली. त्यांतल्या दोघांचा रंग बाकीच्यांहून निराळा होता, कारण त्या पृष्ठभागांवर उष्णता परतवणारा अतिपातळ धातूचा लेप होता. सांगितलेलीच काच आली आहे याची खात्री करायची ही सोपी रीत. कुठेही दुहेरी-तिहेरी काच घेणाऱ्याने ती करून पाहावी.

पण ही सगळी हुशारी आतली ऊब आत राखण्यासाठी आहे. शिवाय इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो. तो दक्षिणेच्या खिडकीतून थेट आत येतो, आणि तो यावा अशीच इथल्या लोकांची इच्छा असते. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वर्तमानपत्रांत दरवर्षी शून्य सावली दिवसाची बातमी येते ती हीच. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडेच झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची खिडकी फारशी त्रास देत नाही. त्रास देतात ती गच्ची आणि पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या, त्यातही पश्चिमेच्या जास्त.

दादाला मी हिशेब करून दाखवला. पाच बाय साडेचार फुटांची पश्चिमेची खिडकी म्हणजे साधारण दोन चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी साडेचारला तिच्यावर दर चौरस मीटरमागे ६०० वॉटच्या आसपास ऊन पडतं असं धरू. साधी काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते. झाले साडेनऊशे वॉट. खोलीत इस्त्री चालू ठेवून एसी लावण्यासारखंच हे. बाहेर ३८ आणि आत २६ अंश असताना, ऊन वगळून नुसत्या काचेतून झिरपणारी उष्णता मात्र १४० वॉटच्या आतच. साधी दुहेरी काच बसवली तर झिरपणं अर्धं होतं, ७० वॉट वाचतात. ऊन थोडं कमी येतं, त्यात आणखी शंभर-सव्वाशे. याच खिडकीबाहेर सावली केली, लाकडी झडप, बांबूचा पडदा, जाळी, काहीही, तर सातशे वॉट सहज अडतात. खर्च काचेच्या मानाने किरकोळ. उन्हाला परतवणारी खास काच मिळते आणि ती खरंच चांगली असते. पण ती सावलीनंतर घ्यावी, सावलीऐवजी नव्हे.

सावली बाहेर हवी, हे मी इथे शिकलो. आपला जाड पडदा आत असतो. ऊन काचेतून आत आलं, पडदा तापला, की ती उष्णता खोलीचीच झाली. इथल्या बऱ्याच घरांना खिडकीबाहेर रोलाडेन असतात, वरून खाली सरकणारी पट्ट्यांची झडप. जुलैत उकाडा वाढला की शेजारच्या आजी सकाळी आठलाच पूर्वेच्या झडपा पाडतात, दुपारी पश्चिमेच्या, आणि रात्री सगळ्या खिडक्या सताड उघडतात. भारतातून नव्याने आलेल्यांना वाटतं, ही माणसं दिवसा अंधारात का बसतात? ज्यांना रोलाडेन नाहीत, विशेषतः छपराखालच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना, त्यांना विचारा. इथे बहुतेक घरांना एसी नाही, आणि हल्लीचे उन्हाळे सोपे राहिलेले नाहीत.

हे आपल्याकडे नवं नाही. विदर्भात वाळ्याचे पडदे ओले करून दारा-खिडक्यांना लावतात तेही बाहेरच्या बाजूने. कोकणातल्या घराला पडवी असते आणि पाखं खाली उतरलेली असतात, म्हणून भिंतीवर ना पाऊस पडतो ना ऊन. कुणी कौलारू घरात परत जावं असं मी म्हणत नाही. पण त्या पडवीचं काम फ्लॅटमध्ये गॅलरी करत होती, आणि ती आपण आत घेतली. इंटिरियर करायचं म्हटलं की पहिला हातोडा हॉल आणि गॅलरीमधल्या भिंतीवर पडतो. हॉल चार फुटांनी वाढतो आणि आतापर्यंत सावलीत असलेल्या दाराच्या जागी उन्हात उघडी पडलेली मोठी स्लायडिंग काच येते. मग दीड टनाचा एसी पुरत नाही म्हणून दोन टनाचा घेतला जातो. ऊर्जेच्या दृष्टीने फ्लॅटमध्ये याहून महाग पडणारा बदल मला तरी ठाऊक नाही.

आणखी एक. जर्मन खिडकी हवाबंद असते आणि तिचे स्वतःचे आजार असतात. नव्या खिडक्या बसल्यावर जुन्या घरांत भिंतीच्या थंड कोपऱ्यात बुरशी धरते, कारण पूर्वी फटींतून जाणारी वाफ आता आतच राहते. त्यात आपला कुकर, भात, फोडणी. म्हणून इथे दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून घर वाऱ्यावर टाकायचं असतं, आणि अनेक भाडेकरारांत ते लिहिलेलंही असतं. एक तृतीयांशाहून जास्त खिडक्या बदलल्या तर हवा कशी खेळणार याचा आराखडा करावा लागतो. महाराष्ट्रात वर्षातले कितीतरी महिने एसी लागतच नाही, वारा लागतो. तिथे खिडकी किती बंद होते यापेक्षा किती उघडते हे महत्त्वाचं. दोन सरकत्या काचांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. रात्रभर एसी चालवणाऱ्या मुंबईकराला मात्र फटी बुजवून फायदा होतो, कारण फटीतून येणाऱ्या दमट हवेतलं पाणी काढण्यातही एसीची शक्ती जाते.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. ती शहाणपणाने लिहिलेली आहे. भिंती आणि खिडक्यांमधून दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असं ती म्हणते. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्या, झरोके आणि बाहेर उघडणारी दारं मिळून उघडता येणारी जागा कार्पेटच्या एक षष्ठांश तरी असावी. ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटला ८३ चौरस फूट. छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या आत हवा. नुसत्या काँक्रीट स्लॅबचा तीनच्या वर जातो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मध्यरात्रीपर्यंत तापलेला पंखा का सोसावा लागतो, ते या एका आकड्यात आहे. पांढरी चायना मोझेक, किंवा गळतीसाठी टाकलेली पत्र्याची शेड, यांनी त्या माणसाचं जिणं खूप सुसह्य होतं.

जर्मनीतून एकच गोष्ट उचलावीशी वाटते, आणि ती काच नाही. घर विकताना किंवा भाड्याने देताना इथे त्याचं ऊर्जाप्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि जाहिरातीत त्यातली माहिती छापावी लागते. ए-प्लसपासून एचपर्यंत श्रेण्या असतात. भाडेकरूला घर बघायला जाण्याआधीच कळतं की इथे हिवाळा किती महाग पडणार. आपल्याकडे घरांना स्टार देण्याची योजना आहे, पण ऐच्छिक. फ्रिज घेताना पाच स्टार बघणारा माणूस कोटभराचा फ्लॅट घेताना लॉबीतला संगमरवर बघतो, कारण दुसरं काही त्याला दाखवलंच जात नाही. महाराष्ट्रात हे सक्तीचं व्हावं असं माझं ठाम मत आहे.

इथली दुसरी गोष्ट मात्र तिकडे येऊ नये. सुधारणांच्या खर्चाचे आठ टक्के घरमालक वार्षिक भाड्यात वाढवू शकतो. मर्यादा आहेत, तरीही हीटिंगमध्ये वाचलेल्या पैशांपेक्षा वाढलेलं भाडं जास्त, अशी स्थिती माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांवर आली, आणि एकाला घर सोडावं लागलं. घर सुधारण्याचा भार कुणी उचलायचा, हे आधी ठरवल्याशिवाय नियम केले तर लोक चिडतात आणि चिडणं रास्त असतं.

दादाच्या सोसायटीने आता वास्तुविशारदाला चार गोष्टी लेखी मागितल्या आहेत: पूर्व-पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीला बाहेरून सावली, शक्य तिथे बिजागरीच्या खिडक्या, गच्चीवर उष्णतारोधक थर, आणि गॅलरी बंद न करण्याचा ठराव. पहिल्या तिन्हींवर बिल्डर खर्चावरून आढेवेढे घेत का होईना, बोलायला तयार आहे. चौथ्याला सभासदांचाच विरोध आहे. पुढच्या सभेत मीही व्हिडिओवरून हजर राहणार आहे.