खुलासा: विद्युतीकरणाने रेल्वेचा गोंगाट संपत नाही

‘रेल्वेचा गोंगाट इंजिनाचा असतो, विद्युतीकरण झाले की तो थांबतो’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. साधारण ताशी ५० ते २५० किलोमीटर वेगात मुख्य आवाज चाक आणि रूळ यांच्या स्पर्शातून येतो. दोन्हींच्या पृष्ठभागांवरचे, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावे लागणारे उंचसखलपण त्यांना कंप पावायला लावते, आणि आवाजाचा आगाऊ अंदाजही याच खडबडीतपणाच्या मोजमापावरून बांधला जातो. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) ब्रेक ब्लॉक चाकावर दाबले जाताना त्याचा पृष्ठभाग खरबरीत करतात; त्यांच्या जागी कॉम्पोझिट (संमिश्र पदार्थाचे) ब्लॉक बसवल्यास ८ ते १० डेसिबलची घट होते, म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. स्वित्झर्लंडचे रेल्वेजाळे जवळजवळ संपूर्ण विजेवर चालत असूनही तिथे २०२० पासून बिडाचे ब्लॉक असलेल्या मालडब्यांना बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे.